पाणी डाव्या हाताला

(कालव्याच्या काठावरचा खडीचा रस्ता, सकाळची वेळ. दोन सायकली. पुढे वहिनी, मागे नणंद.)

नणंद : वहिनी, सारखा ब्रेक नको दाबूस! खडीवर ब्रेक मारला की मागचं चाक नाचतं.

वहिनी : नाचू दे की! माझ्या लग्नात कुणी नाचलं नव्हतं. चाक तरी नाचू दे.

नणंद : चाक नाचलं की तू आडवी होशील आणि उद्या क्लबातल्या सगळ्या बायका म्हणतील, सायकलवालीनं भावजयीला मुद्दाम पाडलं.

वहिनी : म्हणतील का? म्हणतातच! नणंदेनं शिकवलं, अजून हाडं जागेवर कशी, असं परवाच त्यातली ती नर्स मला विचारत होती.

नणंद : तिच्या सायकलची चेन आवळलीय मी काल. सैल करून टाकते परत.

वहिनी : ऐक ना, चिमणे. हा आवाज ऐक. करकर करकर. कापड फाडताना येतो तसा. नवं, कडक कापड, एका झटक्यात सरळ रेषेत फाडावं ना, अगदी तसा.

नणंद : ती खडी आहे. आणि त्या खडीला जाड टायर लागतो. मी तुझ्या टायरमधली थोडी हवा काढलीय, म्हणून तुला कापड ऐकू येतंय. भरगच्च हवा असती तर दात वाजलेले ऐकू आले असते.

वहिनी : तुझं आपलं टायर आणि हवा. वर बघ जरा! इतकं आभाळ कुणी एकदम बघितलंय का? टेकडी नाही, चढ नाही, कुठे म्हणून अडत नाही नजर. नुसतं पाणी, गवत, आणि तो एक बगळा. तो बघ, उठला! आपल्याबरोबरच निघालाय.

नणंद : तू ओरडलीस म्हणून उठला.

वहिनी : थांब, ओवी आली. ऐक हं.

*वाट मी गं चालवीते, पाणी मला सोबतीला*
*निळी पट्टी आभाळाची जोडली मी पदराला*

नणंद : पदर कुठाय? पडद्याच्या कापडाची विजार घातलीयस तू. तीही आपल्या पुढच्या खोलीच्या पडद्याची.

वहिनी : उरलेल्या तुकड्याची! आणि ओवीत विजार बसत नाही, मी करून बघितलं. उद्याच्या फेरीसाठी सगळ्यांच्या सीटांना गवसण्या शिवल्यात त्याच कापडाच्या. रात्री शेवटचा टाका घातला. तुझ्या भावानं विचारलं, या कसल्या टोप्या? म्हटलं, बसायच्या टोप्या.

नणंद : दादा काय म्हणाला उद्याबद्दल?

वहिनी : काही नाही. माझी सायकल पुसून ठेवली सकाळी. आरा न् आरा पुसला. बोलला काही नाही.

नणंद : दादानं? सायकल पुसली? त्याला स्वतःचा चष्मा पुसता येत नाही.

वहिनी : म्हणूनच तेलाचा ओघळ सगळीकडे पसरवलाय. पण मी म्हटलं, छान चकाकतेय.

नणंद : झेंडी सुटत नाहीये ना हँडलची? वाऱ्यानं फडफडतेय.

वहिनी : दुहेरी शिवण आहे, सुटते कशाला! लाल झेंडी. पुढच्या सायकलची. सगळ्याजणी लांबूनच ओळखतील की पुढे कोण आहे ते. चिमणे, खरं सांगू? रात्री मी ती उशाखाली ठेवली होती.

नणंद : लहान मुलगी आहेस का!

वहिनी : आहे. बावन्न वर्षांची.

नणंद : बरं, माझ्या मनातलं सांगू? सहा महिन्यांपूर्वी तू दुकानात येऊन म्हणालीस ना, मला चालवायला शिकव, तेव्हा मला वाटलं, आठवड्यात कंटाळेल. आणि उद्या आपल्या बायकांच्या क्लबाची पहिली लांब फेरी, ती तू आखलेल्या रस्त्यावरून, तुझ्या मागून! आखलीस पण काय छान. सगळीकडे काठावरचा रस्ता, ट्रक नाही, मोटार नाही. नवख्यांना भीती नाही. मी इतकी वर्षं सायकली दुरुस्त करतेय, मला सुचलं नसतं.

वहिनी : कौतुक करू नकोस, माझं हँडल हलतं. बरं, पुढे वळण आहे हं. मी घंटी वाजवते. एक, दोन... वळले!

नणंद : सुरेख! अंग कलवलंस, पाय थांबवलेस, अगदी शिकवलं तसं. पण परत उजवीकडेच.

वहिनी : हो.

नणंद : मघाशी त्या जुन्या पंपाच्या खोलीपाशीही उजवीकडे.

वहिनी : कालवाच तसा वळतो, मी काय करू? बाई, तो बघ खंड्या! निळा! त्या तारेवर!

नणंद : आणि दुकानासमोरून निघालो तेव्हाही.

वहिनी : गेला बघ. तू बघितलाच नाहीस.

नणंद : वहिनी, पाणी सकाळपासून डाव्याच हाताला आहे.

वहिनी : मग? पाण्याला काय दोन्ही हातांना बसवू?

नणंद : एकही पूल लागला नाही आपल्याला. या भागात ढिगानं पूल आहेत. जिथे तिथे पाणी, जिथे तिथे पूल. तू चुकूनही एक घेतला नाहीस.

वहिनी : पुलांवर गर्दी असते.

नणंद : कुणाची? बगळ्यांची?

वहिनी : तू मागे राहून फार बोलतेस. पायडल मार. हे घे, तुझ्यावर आहे ही :

*नणंद ही माझी बाई, हाताला गं तेल काळं*
*बोलण्याला धार हिच्या, आत मात्र पाणी निळं*

नणंद : विषय बदलू नकोस. चांगली आहे, पण विषय बदलू नकोस. बाजारातून येताना तू नेहमी शिंप्यांच्या गल्लीतून, मग शाळेमागून, मग दवाखान्यावरून येतेस. सरळ डावीकडे वळलं की घर आहे! मला वाटायचं, तुला गप्पांचा नाद.

वहिनी : तो आहेच.

नणंद : तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं. वहिनी! तुला डावीकडे वळता येत नाही!

वहिनी : ओरडू नकोस, पाण्यातल्या बदकांना कळेल.

नणंद : सहा महिने! सहा महिने मला कळलं नाही!

वहिनी : कळेल कसं? तूच तर शिकवलंस. तुझ्या दुकानामागच्या त्या अंगणात. मधोमध जुन्या टायरांचा ढीग, आणि त्याच्याभोवती मी गोल गोल. तू आतल्या बाजूनं सीट धरून चाललेली.

नणंद : हो, मग?

वहिनी : कुठल्या हातानं धरायचीस?

नणंद : डाव्या. मी डावखुरी आहे, डाव्याच हातानं धरणार. डाव्या हातानं सीट धरायची म्हणजे मला तुझ्या उजव्या अंगाला... आणि ढीगही त्याच बाजूला... म्हणजे तू सारखी... अरे देवा!

वहिनी : झालं? उजाडलं? सहा महिने उजवीकडे, रोज संध्याकाळी. अंगाला तेवढंच माहीत झालं. डावीकडे हँडल नेलं की सायकल अंगावर येतेय असं वाटतं. मग मी कालव्याचा नकाशा घेतला, दोन रात्री बसले, आणि असा चौकोन शोधला की ज्यात सगळी वळणं उजवी. पाण्याच्या आतल्या अंगानं, पाणी कायम डाव्या हाताला. कापड वाया न घालवता झबलं बेतावं तसा बेतला.

नणंद : आणि आम्ही सगळ्या म्हणतोय, काय सुरक्षित रस्ता! हसू का रडू मी?

वहिनी : हस. पण कुणाला सांगायचंच तर उद्याची फेरी झाल्यावर सांग. तोपर्यंत नाही. शपथ घे.

नणंद : घेतली. हसायला लागले तर पडेन मी. बापरे... तीन उजवी... अगं, तो माणूस हात का करतोय?

दारवाला : थांबा! ओ ताई, थांबा! पुढे जाऊ नका!

वहिनी : थांबले. काय झालं, काका?

दारवाला : पुढे रस्ता नाही. कालव्यातला गाळ काढलाय काल, सगळा काठावर ओतलाय. गुडघाभर. म्हैस गेली तर म्हैस रुतेल, तुमच्या सायकलींचं काय घेऊन बसलात!

नणंद : काल? आम्ही गेल्याच आठवड्यात बघून गेलो होतो.

दारवाला : गेल्या आठवड्यात गाळ पाण्यात होता. आता बाहेर आहे. वाळायला पंधरा दिवस लागतील. मी इथला दारवाला. पाण्याची दारं उघडायची, लावायची, होडी आली की पूल उचलायचा. गाळ माझ्याकडे नाही. तो दुसऱ्या खात्याकडे.

वहिनी : उद्या वीस बायका येणार आहेत इथून.

दारवाला : मग त्यांना या पुलावरून जाऊ दे. हा काय, समोर. इथे डावीकडे वळायचं, पूल ओलांडायचा, मग उजवीकडे, पलीकडच्या काठानं सरळ जायचं. उत्तम रस्ता आहे, याच्याहून चांगला. पुढचा पूल लागला की उजवीकडे, की थेट सायकलच्या दुकानासमोर.

नणंद : ते दुकान माझंच.

दारवाला : मग तर घरचाच रस्ता झाला. एक डावं वळण, बस.

वहिनी : एक डावं.

नणंद : वहिनी...

वहिनी : किती अरुंद आहे गं इथे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेत. गोल फिरून यायलाही जागा नाही.

नणंद : हे बघ, सोपं आहे. इथे उतरायचं, सायकल हातात धरून पुलावर न्यायची, आणि पुन्हा बसायचं. त्यात काय!

वहिनी : पुढची बाई उतरली की मागच्या वीसजणी उतरणार. ती पोस्टातली कालच विचारत होती, खडीवर उतरावं लागतं का? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या मागे या, पाय टेकू देणार नाही.

नणंद : मग असं करू. उद्या मी पुढे राहते. तू लगेच माझ्या मागे. वळणाशी मी पुढे निघून सगळ्यांना पार नेते, तू सावकाश उतरून ये. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वहिनी : हं.

नणंद : फक्त या फेरीपुरतं. पुढच्या महिन्यात तू.

वहिनी : बरोबर आहे तुझं. थांब, सोडते. गाठ पक्की बसलीय... हां. ही घे झेंडी. बांध तुझ्या सायकलला.

नणंद : आत्ता कशाला?

वहिनी : घे ना. रात्री विसरेन मी.

नणंद : वहिनी, तू रडतेयस?

वहिनी : वाऱ्यानं पाणी येतंय डोळ्यांत. सपाट मुलूख आहे, वारा अडत नाही.

दारवाला : ताई, मी काही चुकीचं बोललो का?

वहिनी : नाही हो काका. तुम्ही डावीकडे वळा म्हणालात, त्यात काय चुकीचं? चिमणे, एक सांगू? तुझ्या भावाच्या मागे मी तीस वर्षं बसले कॅरिअरवर. वाईट काही नाही हं, माणूस चांगला चालवतो, खड्डा आला की आधी सांगतो. पण समोर कायम त्याची पाठ. मी शिवलेला शर्ट, मीच घातलेले टाके, आणि मीच बघत बसलेली. पाय एका बाजूला सोडून बसायचं, म्हणून दिसायचं ते नुसतं डावीकडचं. घरं निम्मी, झाडं निम्मी. दवाखान्याशेजारी, जाताना उजव्या हाताला, तळं आहे, येताना वाट वेगळी, म्हणून ते मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं! रस्ता पुढून कसा येतो, ते मी कधी बघितलंच नव्हतं. तो पहिल्यांदा बघितला तुझ्या अंगणाच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा. असा सरळ अंगावर आला, नव्या ताग्यासारखा उलगडत. मला तेवढंच हवं होतं गं. एक दिवस. समोर कुणाची पाठ नसलेला.

नणंद : धर जरा माझी सायकल.

वहिनी : कुठे निघालीस?

नणंद : काका, तुमच्या खोलीमागे हे अंगण आहे ना? मोकळं?

दारवाला : मोकळं कसलं, माझे टोमॅटो आहेत तिथे.

नणंद : टोमॅटो सोडून किती जागा उरते?

दारवाला : एक वाफा आहे कोपऱ्यात. बाकी मोकळंच. का?

नणंद : ती बादली पालथी घाला मधोमध. वहिनी, बस सायकलवर.

वहिनी : आत्ता?

नणंद : आत्ता. मी अर्धंच शिकवलंय तुला. अर्धी दुरुस्त केलेली सायकल मी कधी गिऱ्हाइकाला दिली नाही. बस म्हणते ना!

दारवाला : बादली घातली. पण ताई, टोमॅटो बघा हं. पहिलंच फळ धरलंय.

नणंद : बघतो, काका. वहिनी, आता मी तुझ्या डाव्या अंगाला. सीट उजव्या हातानं धरते. आणि तुला आधीच सांगते, माझा उजवा हात काही कामाचा नाही. साधा पाना फिरवता येत नाही त्यानं.

वहिनी : म्हणजे मी पडणार.

नणंद : म्हणजे तुला माझ्या भरवशावर राहता येणार नाही. चल. बादलीभोवती, डावीकडून. हळू... हळू... वहिनी, अगं, अगं, अगं!

दारवाला : माझे टोमॅटो!

वहिनी : अय्या! काका, एकच रोप आहे, फार नाही. उभं राहील ते. काठी लावू आपण.

दारवाला : फळ धरलेलं तेच होतं!

नणंद : परत. परत बस. तू बादलीकडे बघत होतीस, मग घाबरून वाफ्याकडे बघितलंस, आणि गेलीस वाफ्यात. वहिनी, मला सांग, गोल गळा शिवताना तू कुठे बघतेस? सुईकडे?

वहिनी : छे! सुईकडे बघितलं की टाका वाकडा जातो. सुई आपलं काम करते. मी बघते पुढे, कापडाच्या कडेकडे, जिथे शिवण जायचीय तिथे. आणि हात कापडाला नुसतं फिरू देतात. ओढायचं नाही.

नणंद : मग?

वहिनी : मग काय?

नणंद : मग हा डावा गळा शीव.

वहिनी : ...अगं बाई.

नणंद : बस. बादलीकडे बघायचं नाही. ती सुई आहे. पलीकडे बघ, काकांची ती निळी खुर्ची आहे ना, तिच्याकडे. मग दाराकडे. मग झाडाकडे. कड धरून नजर फिरव. कापड ओढू नकोस.

वहिनी : खुर्ची... दार... हलतेय, हलतेय...

नणंद : हलू दे. मी आहे.

वहिनी : झाड... खुर्ची... चिमणे, अंगावर येतेय!

नणंद : येतेय असं नुसतं वाटतं, वाटू दे. खुर्ची. दार.

दारवाला : झाड! झाड बघा ताई! वाफा सोडून काहीही बघा!

वहिनी : झाड... खुर्ची... दार... वळतेय! काका, वळतेय बघा! चिमणे, धरलंयस ना?

नणंद : धरलंय. बोल, झाड.

वहिनी : झाड, खुर्ची, दार, झाड... किती हलका हात आहे गं तुझा उजवा! जाणवतही नाही.

दारवाला : जाणवेल कसा? त्या तर माझ्या शेजारी उभ्या आहेत कधीच्या.

वहिनी : काय? चिमणे!

नणंद : खुर्ची बघ, खुर्ची!

वहिनी : लबाड! नणंद ती नणंदच! खुर्ची, दार, झाड... अहो काका, मी एकटी फिरतेय! डावीकडे!

दारवाला : दिसतंय, ताई. बादलीला चक्कर यायची वेळ आली. पण आता जरा आवरा, भोंगा वाजला. मालाची होडी येतेय. मला पूल उचलायचाय.

नणंद : किती वेळ राहील वर?

दारवाला : होडी जाईपर्यंत. पाण्याला घाई नसते, होडीला त्याहून नसते. पण मी एक करतो. पूल खाली आला की पुलाचं फाटक सगळं उघडून धरतो, म्हणजे तुम्हाला वळायला हातभर जागा जास्त मिळेल. टोमॅटो विसरलो नाही, पण तेवढं करतो.

वहिनी : काका, उद्या येताना मी तुमच्या खुर्चीला गवसणी शिवून आणते. पडद्याच्या कापडाची.

दारवाला : रंग कुठला?

नणंद : फिकट हिरवा, त्यावर पानं. आमच्या घरात सध्या सगळ्यांच्या अंगावर आहे.

वहिनी : बघ गं, कसा उठतोय पूल! जनावर जागं झाल्यासारखा. आणि होडी किती जवळून! त्या होडीवर कपडे वाळत घातलेत, बघितलेस? तो माणूस हात करतोय. अहो, आम्ही डावीकडे वळणार आहोत!

नणंद : त्याला काय कळणार?

वहिनी : त्याला आनंद झालेला दिसतोय. तेवढं पुरे.

नणंद : वहिनी, इथे बादली नाही. इथे एकदाच. पाणी आता डावीकडे, अगदी चाकाशी. पाण्याकडे बघू नकोस.

वहिनी : पाणी म्हणजे सुई.

नणंद : पुलाच्या पलीकडच्या टोकाला ते वाकडं झाड आहे. नजर त्याच्यावर. आणि मन नसेल तर अजूनही उतरता येईल, मी काही म्हणणार नाही.

वहिनी : तू काही म्हणणार नाहीस? तू?

नणंद : आयुष्यात एकदा.

वहिनी : मग ते वाया कशाला घालवू! ठेव पुढच्या वेळेला. मागे हो. थोडं मागून येते, वेग धरून. तू म्हणतेस ना, हळू चाललं की सायकल डगमगते.

नणंद : हो. काका, पूल बसला का नीट?

दारवाला : बसला. फाटक धरलंय. या, ताई! वाफा नाही इथे, बिनधास्त या!

वहिनी : आले!

नणंद : झाड बघ! झाड! हात सैल... पाय थांबव... आता... आता... कापड ओढू नकोस... वहिनी! वहिनी!

दारवाला : गेल्या! अहो गेल्या की! पुलावर आहेत! मी म्हणतो, माझ्या पुलावर असं कुणी ओरडत गेलं नव्हतं आजवर! तुम्ही काय बघत उभ्या? जा ना मागून!

नणंद : जाते, जाते! काका, फाटक सोडू नका! वहिनी, थांब! झेंडी माझ्या खिशात राहिली! थांब, बांधून देते!

वहिनी : आता नाही थांबत! मागून ये! ऐकतेस ना? फळ्या वाजताहेत! चिमणे, समोर काही नाही गं! नुसता रस्ता! दोन्ही बाजूंनी दिसतोय!

नणंद : मला तर तूच दिसतेस! हळू! धाप लागली मला!

वहिनी : जुळतेय, जुळतेय, ऐक :

*डाव्या अंगाला वळले, पूल बोले खडखड...*

पुढचं सुचत नाहीये! पहिल्यांदाच असं झालं. वारा तोंडात जातोय.

नणंद : मग... मी सांगू?

वहिनी : तू? तुला ओव्या येतात?

नणंद : येत नाहीत. हे आपलं असंच. हसू नकोस.

*वहिनीच्या मागोमाग नणंदेची धडपड*

हसलीस ना? कळलं मला. खांदे हलताहेत तुझे.

वहिनी : हसले नाही. बरोबर बसली. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. फक्त एक शब्द मला नको आहे त्यात.

नणंद : कुठला? धडपड? खरीच आहे ती.

वहिनी : मागोमाग. रस्ता रुंद आहे गं इथे. माझी पाठ काय बघायची? ये, शेजारी ये.